चढणीवरचा जावई

माझ्या भावाला, कासिमिरोला, माणूस ओळखायची एकच रीत ठाऊक आहे. त्याला चढणीवर गाडी चालवताना बघायचं. डॉक्टर असो, पाद्री असो, नगरपालिकेचा मोठा साहेब असो, ज्याची गाडी चढणीवर मागं घरंगळली तो आमच्या कासिमिरोच्या लेखी संपला. आयुष्यभर आमच्या डोंगराळ लापास शहराच्या उतारांवर मिनीबस हाकल्यामुळं त्याच्या डोक्यात हे घट्ट बसलंय. आमची वहिनी गेली तेव्हा शववाहिकेच्या ड्रायव्हरनं वळणावर क्लच जाळला, तर हा रडायचा थांबला आणि त्याला शिव्या घालायला लागला. बहीण आहे म्हणून म्हणत नाही, माणूस वाईट नाही. पण हट्टाच्या बाबतीत खेचरानं याच्याकडं शिकवणी लावावी.

त्यामुळं त्याच्या मुलीनं, जोवानानं, सांताक्रूसच्या एका मुलाशी लग्न करायचं ठरवलंय असं सांगितलं तेव्हा यानं मुलाचं घराणं विचारलं नाही की शिक्षण विचारलं नाही.

"गाडी कुठली?" म्हणाला.

"नवी आहे बाबा. टर्बोवाली."

"आणि धंदा?" हे मी विचारलं, कारण कुणीतरी विचारायला हवं होतं.

"झोपाळे विकतो. कापडी, दोन झाडांना बांधून आत झोपायचे."

कासिमिरोनं चमचा खाली ठेवला. "म्हणजे लोकांना आडवं पाडायचं सामान विकतो. शाब्बास! खालच्या लोकांना दुसरं येतं तरी काय?"

जोवाना आमच्या इथून विजारींचे गठ्ठे घेऊन खाली सांताक्रूसच्या बाजारात विकायला जाते. तिच्या शेजारचं दुकान या एर्लान पानियाग्वाचं. सांताक्रूस म्हणजे सपाट, गरम, झाडांचा मुलूख. तिथं चढण बघायची तर लोक पुलावर जातात. आमचं घर चार हजार मीटरच्याही थोडं वर, अशा गल्लीत की फुटपाथला पायऱ्या केल्यात आणि कुत्रीसुद्धा तिरकी चालतात.

कासिमिरोनं अट घातली. मागणी घालायला यायचं तर एर्लाननं आईला घेऊन, आहेर घेऊन, सगळ्या वजनासकट स्वतःच्या गाडीनं त्याच्या दारापर्यंत चढून यायचं. कुणी धक्का मारायचा नाही. गाडी दाराशी लागली तर बोलणं होईल. नाही लागली तर तिथूनच खाली जायचं आणि पोरीचं नाव पुन्हा काढायचं नाही.

 नंतर माझ्याबरोबर बटाटे सोलताना जोवाना म्हणाली, "आत्या, बाबांनी नाही म्हटलं तरी मी जाणारच आहे. पण मग या घरात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

बोलताना तिच्या हातातली सुरी थांबली नाही. तीही कासिमिरोचीच मुलगी. बोलली म्हणजे करणार.

मी बाजारात गाड्यांचे जुने सुटे भाग विकते. हात कायम काळे, पण चार गोष्टी कळतात. म्हणून मीच एर्लानला फोन लावला. "हे बघ पोरा, इथं हवा विरळ आहे. इंजिनालाही श्वास लागतो. बिनटर्बोची गाडी खालून इथं येईपर्यंत तिसरा हिस्सा ताकद रस्त्यातच सांडून येते."

"आत्या, माझी टर्बोची आहे."

"तेच सांगतेय. टर्बो म्हणजे धुरावर फिरणारी भिंगरी. ती फिरली की हवा दाबून इंजिनाच्या तोंडात कोंबते, मग गाडी इथंही जवळजवळ खालच्यासारखी पळते. पण धूर नाही तर भिंगरी नाही. उभ्या गाडीची भिंगरी झोपलेली असते. खाली तुमच्याकडं ते कळत नाही, कारण खाली इंजिनाला आपसूक हवा मिळते. इथं तिला आधी जागी करायची, रेस द्यायची, मग क्लच सोडायचा."

तो हसला. हसू गोड होतं, ते मला तेव्हाच कळलं. "काळजी करू नका आत्या. शोरूमवाल्यानं सांगितलंय, उंची हिला कळतच नाही."

"उंचीला ती कळते ना," मी म्हटलं. पण फोन कापला गेला होता.

शनिवारी सकाळी ते आले. चढणीच्या पायथ्याशी लाल रंगाची चकचकीत गाडी थांबली आणि त्यातून आधी एक पंखा बाहेर आला, हातात धरायचा, आणि मग त्यामागं एर्लानची आई नेल्फीबाई. बिनबाह्यांचा फुलाफुलांचा झगा. आमच्या थंडीत! दातावर दात वाजताहेत, तरी पंखा चालूच.

"विहीणबाई," ती धापा टाकत म्हणाली, "तुम्ही हवा कुठं ठेवलीय हो?"

"येताना वाटेत लागली असेल. तुम्ही पुढं निघून आलात."

एर्लान गोल चेहऱ्याचा, मऊ हातांचा, ओठ पांढरे पडलेले. माझ्या गालाला गाल लावायला वाकला आणि सरळ होता होता गाडीला धरून उभा राहिला. विरळ हवेवर उतारा म्हणून मी आणलेला कोकाच्या पानांचा चहा त्यानं औषधासारखा गटकन प्यायला.

कासिमिरो आधीच खाली येऊन उभा होता. रविवारची टोपी, एका हातात बियरच्या बाटल्या, दुसऱ्या हातात कागदी टिकल्यांची फुगलेली पिशवी.

"नवी गाडी," तो म्हणाला, "आणि धरणीमायला न विचारता माझ्या चढणीला लागणार? शिंपण झालं पाहिजे."

शिंपणाला नाही म्हणता येत नाही. आमच्याकडं सुईसुद्धा नवी आणली तर धरणीमायला चार थेंब आधी. गाडीला तर हार, चाकांवर बियर, आणि बॉनेट उघडून चालू इंजिनावर रंगीत टिकल्यांचा पाऊस. नेल्फीबाईनं डोळे मोठे केले, पण एर्लाननं आनंदानं बॉनेट उघडलं. "किती मान देताहेत, आई!"

आणि मान खरंच दिला. माझा भाऊ, जो केळ्याचं सालही दोनदा बघून टाकतो, त्यानं मूठ मूठ भरून टिकल्या उधळल्या. पिशवी झटकून झटकून रिकामी केली. दोन बाटल्या बियर इंजिनावर ओतली. मला वाटलं, विरघळला. माझे डोळे ओले झाले, खोटं कशाला सांगू. शिवाय मी नेल्फीबाईला धरून उभी होते, ती एका बाजूनं कलत होती, त्यामुळं फार बारकाईनं बघायला सवडही नव्हती.

"लेओकादिया गाडीत बसेल," कासिमिरोनं जाहीर केलं. "साक्षीदार म्हणून. कुणी धक्का मारला की नाही, ती सांगेल."

म्हणजे वजनात माझी भर. मी आणि माझे घागरे म्हणजे बियरची आणखी दोन खोकी. माझ्या मांडीवर तीन मजली केक दिला गेला, नेल्फीबाई पुढं बसली, मागं आहेराच्या बियरची खोकी, कसावाच्या कंदांचं पोतं आणि व्याह्यासाठी खास आणलेला झोपाळा. कासिमिरो हात मागं बांधून पायऱ्यांनी चढायला लागला.

सुरुवात बरी झाली. एर्लाननं पायथ्यापासूनच वेग घेतला होता, गाडी घुरघुरत पहिला टप्पा चढली. घराघरांतून लोक बाहेर आले होते. अट सगळ्या गल्लीला माहीत होती, आणि आमच्या गल्लीत कार्यक्रम कमी असतात. लोकांनी बसायला स्टुलं आणली होती.

मध्यावर गॅसच्या टाक्यांचा ट्रक उभा. माणूस पान्यानं टाकी बडवत ग्राहक बोलवतोय, ठण ठण ठण. एर्लाननं ब्रेक मारला. तिथं सगळं बिनसलं. ट्रक बाजूला झाला, आणि एर्लाननं क्लच सोडला अगदी हळुवार, जसा तो घरी सोडत असेल, झोपलेलं बाळ उठू नये तसा.

गाडी म्हणाली "हं" आणि बंद पडली.

पुन्हा. हं. बंद. वीतभर मागं.

नेल्फीबाई जपमाळ काढून सगळ्या संतांना नावानिशी बोलवायला लागली. बाजूच्या पायऱ्यांवरून कासिमिरो शांतपणे चालत गेला, खिडकीशी क्षणभर थांबला, आत बघितलं आणि पुढं गेला.

"अरे, झोपाळा बांधा रे त्याला!" कुणीतरी ओरडलं. गल्ली हसली.

"भिंगरी जागी कर!" मी मागून खेकसले. "रेस दे! हँडब्रेक धर आणि दे रेस, लाजू नकोस!"

त्यानं खरोखर पाय दाबला. तळापर्यंत दाबला. इंजिन ओरडायला हवं होतं, आणि त्यावर ती बारीक शिट्टी, टर्बो जागा झाल्याची. शिट्टी आलीच नाही. आला तो एक घुसमटलेला आवाज, नाक चोंदल्यावर माणूस घोरतो तसा. मी इतकी वर्षं हे भाग विकते. झोपलेली भिंगरी वेगळी आणि गळा आवळलेली भिंगरी वेगळी.

"हँडब्रेक ओढून ठेव," मी म्हटलं, केक नेल्फीबाईच्या मांडीवर दिला आणि उतरले. बॉनेट उघडलं. फिल्टरच्या डब्याच्या कड्या काढल्या. आतला फिल्टर दिसेना. दिसत होता तो बियरनं भिजलेल्या गुलाबी, पिवळ्या, हिरव्या टिकल्यांचा जाड थर, भिंतीला गिलावा करावा तसा चोपडलेला. श्वास घ्यायला बोटभर जागा नाही.

आणि मग मला आठवलं. आमच्याकडं शिंपण करताना प्रत्येक ड्रायव्हर इंजिनाच्या हवेच्या तोंडावर आधी टोपी ठेवतो. न विचारता ठेवतो, शिंक आली की तोंडावर हात जातो तसा. कासिमिरोनं शेकडो गाड्यांचं शिंपण केलंय. आज त्याची टोपी पूर्ण वेळ त्याच्या डोक्यावर होती.

रागानं माझे कान तापले. मी फिल्टर उचलला, शालीखाली धरला आणि पायऱ्या चढले. कासिमिरो दाराशी उभा होता, आत जोवाना नव्या घागऱ्यात बसलेली. मी त्याला हाताला धरून घराच्या बाजूच्या बोळात ओढलं.

"हे काय आहे?"

"फिल्टर," तो म्हणाला.

"फिल्टर मलाही ओळखता येतो. त्यावर काय आहे?"

"धरणीमायचा प्रसाद."

"आणि टोपी?"

त्याचा हात आपोआप डोक्याकडं गेला. मग खाली आला. "ठेवायची राहिली. माणूस विसरतो."

"तू वहिनीच्या अंत्ययात्रेत क्लच विसरला नाहीस!"

तो भिंतीला टेकला.  खाली गल्लीत लोक हसत होते, नेल्फीबाईची प्रार्थना इथपर्यंत ऐकू येत होती.

"ती गाडी वर आली की माझी पोरगी खाली जाणार, लेओका," तो म्हणाला. "माझा पोरगा विल्बेर खाली गेला तेव्हा काय म्हणाला होता? सरहद्दीपलीकडं साओपावलोत दोन हंगाम शिवणकाम करतो आणि कार्निव्हलच्या सणाला येतो. किती कार्निव्हल झाले? आता फोनवर त्याची पोरं मला परक्या भाषेत आजोबा म्हणतात. खाली गेलेलं कुणी वर आलंय का? तू सांग. एक नाव सांग."

 त्याची मान खाली गेली होती आणि टोपीच्या कडेवरून एक गुलाबी टिकली खाली पडली. मला त्याची कीव आली आणि त्याला एक थोबाडीत द्यावीशीही वाटली, दोन्ही एकदम.

"ऐक," मी म्हटलं. "गाडी वर नाही आली तरी ती जाणार आहे. तिनं मला सांगितलंय. आणि तशी गेली तर परत या दारात पाऊल ठेवणार नाही. तुझीच पोरगी आहे. आता टिकल्या उधळ हव्या तेवढ्या."

त्यानं वर बघितलं. हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या मनात एवढंच होतं, गाडी अडली की पोरगी थांबली.

मग त्यानं माझ्या हातातून फिल्टर घेतला आणि भिंतीवर आपटायला लागला. असा आपटला की बोळभर टिकल्या उडाल्या. उरलेल्या नखानं खरवडल्या. पत्र्यावर उन्हात ठेवला. आमच्या उन्हात तो वाळायला वेळ लागला नाही, पण तेवढ्यात गल्लीतल्या बायकांनी नेल्फीबाईला गाडीतून काढून घोंगडी पांघरली आणि चहा पाजला.

कासिमिरो फिल्टर घेऊन खाली उतरला. मी मागोमाग. एर्लान चाकाला दगड लावून फुटपाथवर बसला होता, डोकं गुडघ्यात.

"शिंपण जरा जास्त झालं," कासिमिरो दुसरीकडं बघत म्हणाला.

"नाही हो काका," एर्लान म्हणाला, "माझंच चुकलं. आत्यांनी फोनवर सांगितलं होतं, मीच हसण्यावारी नेलं. मला इथं स्वतःलाच श्वास घेता येत नाही, गाडीला काय शिकवणार मी? तुम्ही एवढा मान दिलात आणि मी सगळ्यांसमोर तुमची लाज काढली."

माझ्या भावाला आयुष्यात लोकांनी खूप शिव्या दिल्यात. त्या त्याला कधी लागल्या नाहीत. हे लागलं. त्यानं फिल्टर डब्यात घातला, कड्या लावल्या, बॉनेट आपटलं आणि जाऊन एर्लानच्या शेजारच्या सीटवर बसला.

"चल, बस. हँडब्रेक. रेस दे. हळू नको, पोटभर दे! आता ऐक. इंजिन नको ऐकूस, त्याच्या वरचं ऐक. शिट्टी आली?"

"आली!"

"मग सोड क्लच! घाबरतोस कशाला, चढण आहे, सासू नाही!"

गाडीनं हिसका दिला, चाकं खडीवर ओरडली, आणि ती निघाली. स्टुलांवरचे लोक उभे राहिले. टाळ्या पडल्या. वजन तेवढंच हवं म्हणून मी आणि नेल्फीबाईही पुन्हा चढून मागच्या सीटवर एकमेकींना धरून बसलो होतो, आणि केकचा वरचा मजला माझ्या शालीवर आला होता. मला वाटलं, सुटलो.

"थांब," कासिमिरो म्हणाला. दार समोर दिसत होतं. "परत खाली घे."

"काका?"

"खाली घे म्हटलं ना."

त्यानं त्या पोराला मध्यावर थांबवलं आणि पुन्हा सुटायला लावलं. मग वळणावर. मग जिथं गटाराचं पाणी वाहतं आणि चाक घसरतं तिथं. दोनदा गाडी बंद पडली, एकदा एर्लान बंद पडला, एकदा नेल्फीबाई. एर्लानला मान खाली घालून श्वास घ्यायला वेळ दिला, आणि पुन्हा. केकचा दुसरा मजलाही गेला. लोकांना आता मजा वाटेनाशी झाली होती, ते गंभीरपणे सल्ले देत होते. गॅसवाला तर धंदा सोडून शेजारून पळत "आता, आता!" म्हणून ओरडत होता.

जोवाना दारातून बाहेर आली. कानांत आईच्या कुड्या, कमरेवर हात.

"बाबा, मला नवरा हवाय! तुमच्यासाठी बदली ड्रायव्हर नकोय!"

"गप्प बस. अजून पहिला गिअर घाबरतच टाकतो."

शेवटच्या खेपेला कासिमिरो काही बोलला नाही. एर्लान सगळ्यात उभ्या जागी थांबला, स्वतःच रेस दिली, कान देऊन ऐकलं, शिट्टी आल्यावर क्लच सोडला. गाडी बिनबोभाट चढली आणि आमच्या दाराशी येऊन लागली. कुणी धक्का मारला नाही. मी साक्षीदार.

लोक ओरडले, कुणीतरी फटाका लावला. नेल्फीबाई गाडीतूनच सगळ्यांना हात हलवायला लागली. कासिमिरो मात्र उतरला नाही. एर्लानकडं वळला. आवाज चढवायचा प्रयत्न करत होता, पण तो फाटत होता.

"हे बघ. माझ्या पोरीला खाली न्यायला अक्कल लागत नाही. इंजिन बंद केलंस तरी गाडी खाली जाते. वर आणायला येतं की नाही, एवढंच मला बघायचं होतं. तुला आता येतं. तुझ्या आईनं बघितलंय, सगळ्या गल्लीनं बघितलंय. कार्निव्हलला रस्ता बंद होता, गाडी अडली, हवा विरळ होती, असलं काही मला फोनवर ऐकवायचं नाही."

"आणीन काका," एर्लान म्हणाला. धाप लागलेली होती, तरी नीट म्हणाला. "दर कार्निव्हलला."

जोवाना खिडकीशी येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं आता रडेल, वडिलांच्या गळ्यात पडेल, आणि मीही रडायची तयारी केली. पण ती खिडकीत वाकली आणि बापाकडं बघत म्हणाली, "इंजिन बंद केलं तरी गाडी खाली येते ना, बाबा?"

"येते," कासिमिरो म्हणाला. गाडीविषयी विचारलं की तो उत्तर देतोच.

"मग विल्बेर गेल्यापासून तुम्ही इथं दाराशी बसून का आहात?"

 कासिमिरोनं उत्तरासाठी माझ्याकडं बघितलं, मग नेल्फीबाईकडं, मग समोरच्या काचेकडं. मग टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"नेल्फीबाई," तो म्हणाला, "तो झोपाळा खाली तुमच्याकडंच बांधला, तर माझं वजन पेलेल का हो?"